टपालाच्या वाटेवरची सराई

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीचे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते, ते बहुतांशी चित्रपटांनी रंगवलेले आहे. ओसाड माळावर एकच घर, दारात थांबलेली चार-सहा घोड्यांची गाडी, धुळीने माखलेले उतारू आणि त्यांना जेवू घालणारा खमक्या घरधनी. जॉन फोर्डच्या १९३९ सालच्या ‘स्टेजकोच’नंतर तर हे चित्र जगभर पक्के झाले. त्यात सरकार जवळपास नसतेच. दिसलेच तर शेवटच्या क्षणी बिगुल वाजवत येणाऱ्या घोडदळाच्या रूपात. त्यामुळे सरहद्दीवरची सराई म्हणजे एका हिकमती माणसाने कोणाच्या अध्यात-मध्यात न राहता, स्वतःच्या मनगटावर मांडलेला धंदा, अशी समजूत रूढ झाली. त्या काळचे ठेके, कायदे आणि प्रवासवर्णने या समजुतीला दुजोरा देत नाहीत. सरहद्दीवरची सराई उभी राहिली ती लष्कराच्या रसदीवर आणि टपालाच्या सरकारी ठेक्यांवर. तिच्या दारात येणारी गाडी, त्या गाडीतला उतारू, प्रसंगी त्याच्या ताटातले मांससुद्धा सरकारी खजिन्याच्या वाटेने आलेले असे. मात्र हा ओघ आटल्यावर कोणती सराई टिकली आणि कोणती मोडली, याचे कारण खजिन्यात सापडत नाही. ते पाणी, जमीन आणि घराणे यांत शोधावे लागते. युटामधील फेअरफिल्ड गावच्या एका सराईवरून या दोन्ही गोष्टी पारखून पाहता येतात.

फेअरफिल्ड हे सॉल्ट लेक सिटीच्या नैर्ऋत्येला सुमारे ४० मैलांवर, सीडर व्हॅली नावाच्या कोरड्या खोऱ्यातले खेडे. खोऱ्यात पाऊस बेताचा. पण इथे एक मोठा जिवंत झरा आहे, आणि त्या मुलखात गाव वसायचे तर झऱ्याच्याच आधाराने. १८५५ मध्ये जॉन कार्सन, त्याचे भाऊ आणि आणखी काही मॉर्मन कुटुंबे इथे येऊन राहिली. मॉर्मन पंथाचे लोक पूर्वेकडच्या छळाला कंटाळून १८४७ पासून ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली युटात वसाहती करत होते. ही त्यांतलीच एक लहान वसाहत. मूळ रहिवासी यूट आणि गोशूट लोकांशी खटके उडू लागले तेव्हा या कुटुंबांनी संरक्षणासाठी दगडी कोट बांधला. शेती, गुरे आणि कोट, एवढाच त्यांचा पसारा होता. पहिली तीन वर्षे तिथे सराई नव्हती. कारण साधे होते: जेवणाचे आणि मुक्कामाचे पैसे मोजणारा माणूस त्या वाटेने जात नव्हता.

तो १८५८ मध्ये आला, आणि त्याच्या मागोमाग हजारो आले. ब्रिगहॅम यंग हा पंथाचा प्रमुख आणि युटाचा गव्हर्नरही होता. तो संघराज्याची सत्ता जुमानत नाही अशा तक्रारी वॉशिंग्टनला पोचल्यावर अध्यक्ष जेम्स ब्युकॅनन यांनी १८५७ मध्ये नवा गव्हर्नर नेमला आणि त्याच्याबरोबर फौज धाडली. मॉर्मन स्वारांनी फौजेच्या रसदीचे तांडे जाळले, त्यामुळे तिला फोर्ट ब्रिजरजवळ हिवाळा कसाबसा काढावा लागला. शेवटी वाटाघाटी होऊन १८५८च्या जूनमध्ये ती सॉल्ट लेक सिटीच्या ओस पडलेल्या रस्त्यांतून न थांबता पुढे गेली. शहरावर वचक राहील इतकी जवळ, पण रोज खटके उडणार नाहीत इतकी लांब अशी जागा तिचे सेनापती अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन यांना हवी होती. ती त्यांना कार्सन कुटुंबाच्या शेजारी मिळाली. युद्धमंत्री जॉन बी. फ्लॉइड यांच्या नावाने तिथे कॅम्प फ्लॉइड वसला. सुमारे साडेतीन हजार सैनिकांची ही छावणी. त्या घडीला अमेरिकेत एवढी फौज दुसऱ्या कोणत्याही एका ठिकाणी नव्हती. छावणीला लागून दारू, जुगार आणि नाचगाण्याची वस्ती वाढली. सैनिकांनी तिला फ्रॉगटाउन म्हणायला सुरुवात केली. तिथे दारूची सतरा दुकाने होती असे सांगतात. सैनिक धरून सगळी लोकसंख्या सात हजारांच्या घरात गेली, म्हणजे युटातल्या मोठ्या गावांत गणना व्हावी एवढी. त्याच १८५८ साली जॉन कार्सनने कच्च्या विटा आणि लाकूड वापरून आपली दुमजली सराई बांधली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कार्सन तर फौजेच्या आधी तीन वर्षे तिथे होता. मग त्याच्या सराईचे श्रेय सरकारला कसे द्यायचे? आक्षेप वसाहतीपुरता बरोबर आहे. झरा शोधणे, जमीन फोडणे, कोट बांधणे, यांत वॉशिंग्टनचा काडीचा वाटा नव्हता. पण सराई ही वसाहत नव्हे. घर कुठेही बांधता येते. दुमजली सराई तिथेच बांधतात जिथे रोख पैसे देणारे पाहुणे नियमाने येण्याची खात्री असते. युटात तेव्हा नाण्यांचा दुष्काळ होता, व्यवहार बहुधा वस्तूंच्या अदलाबदलीने चालत. फौजेने धान्य, वैरण, लाकूड आणि हजारो कच्च्या विटा स्थानिक लोकांकडून विकत घेतल्या आणि या मुलखात पहिल्यांदा रोख पैसा खेळू लागला. मॉर्मनांना वठणीवर आणायला आलेल्या फौजेने त्यांच्या कोठारांना भाव मिळवून दिला, ही त्या मोहिमेची मोठी विसंगती. पुढे सॉल्ट लेक सिटीतले बडे व्यापारी म्हणून नावाजलेल्या वॉकर बंधूंनीही कॅम्प फ्लॉइडच्या बाजारातच आपले दुकान थाटले होते. कार्सनची सराई याच पैशाचे अपत्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १८४० ते १८६० या वीस वर्षांत अडीच लाखांहून अधिक माणसे गाडीवाटेने ऑरेगॉन, कॅलिफोर्निया आणि युटाकडे गेली. एवढी रहदारी असताना सराया आपोआप निघाल्याच असत्या, त्यासाठी फौज कशाला हवी, असे कोणी विचारील. पण ही रहदारी कशी होती ते पाहायला हवे. स्थलांतर करणारे कुटुंब आपले घरच बैलगाडीत घालून निघालेले असे. पीठ, खारवलेले डुकराचे मांस, कॉफी, भांडी, अंथरूण, सगळे बरोबर. ते रात्री गाडीखाली किंवा तंबूत झोपत आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक करत. त्यांना वाटेत काय विकत लागे? दमलेल्या बैलाच्या बदल्यात ताजा बैल, चाकाला धाव, नदी ओलांडायला तराफा. म्हणून त्यांच्या वाटेवर लोहाराचे भाते, नावाडी आणि फोर्ट ब्रिजरसारखी व्यापारी ठाणी उभी राहिली. खाटेचे आणि ताटाचे पैसे देणारा प्रवासी निराळा. तो रिकाम्या हाताने येतो, कारण त्याची जागा दुसऱ्याच्या गाडीत असते आणि सामानावर मर्यादा असते. मार्क ट्वेन १८६१ मध्ये असा निघाला तेव्हा त्याला माणशी फक्त २५ पौंड सामान नेण्याची मुभा होती. सराईला हा उतारू लागतो, आणि हा उतारू टपालगाडीशिवाय येत नाही.

आता टपालगाडी कोणाच्या पैशावर धावत होती ते पाहू. सॉल्ट लेक सिटी ते कॅलिफोर्निया टपाल नेण्याचा सरकारी ठेका १८५१ पासून जॉर्ज चॉर्पेनिंग याच्याकडे होता. सुरुवातीला खेचरांच्या पाठीवरून थैल्या जात. पुढे ठेका वाढला आणि गाड्या आल्या. १८५९ मध्ये लष्कराच्या भूमापन विभागाचे कॅप्टन जेम्स सिम्प्सन कॅम्प फ्लॉइडहून निघाले आणि त्यांनी कार्सन व्हॅलीतल्या जेनोआपर्यंत सरळ रेषेत नवा मार्ग आखला. (ही कार्सन व्हॅली नेव्हाडाच्या सीमेवरची, फेअरफिल्डच्या कार्सनशी तिचा संबंध नाही.) जुन्या हम्बोल्ट नदीच्या वाटेपेक्षा हा मार्ग दोनशेहून अधिक मैलांनी आखूड होता. टपालगाड्या त्यावरून धावू लागल्या आणि १८६०च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या पोनी एक्स्प्रेस या घोडेस्वारी टपालसेवेचे स्वारही तोच रस्ता धरून जाऊ लागले. म्हणजे कार्सनच्या दारावरून जाणारा रस्ता लष्करी अधिकाऱ्याने शोधला, लष्करी छावणीतून शोधला आणि त्यावरची गाडी टपालखात्याच्या पैशावर धावली. या रस्त्यावर दर दहा-पंधरा मैलांवर घोडे बदलण्याचे ठाणे असे. साधारण पन्नास मैलांनी मोठे ठाणे येई. तिथे हाकणारा बदले आणि उतारूंना जेवण मिळे. लहान ठाण्यात एक-दोन राखणदार, तबेला आणि वैरण. मोठ्या ठाण्यात घरगुती पसारा. कार्सनची सराई या रांगेत पाहुण्यांना खरोखर राहवेल अशा मोजक्या जागांपैकी होती.

तिसरा आक्षेप इथे येतो: गाड्या तर खासगी कंपन्यांच्या होत्या. चॉर्पेनिंग, बटरफील्ड, रसेल ही व्यापारी मंडळी. सरकार त्यांचे फक्त गिऱ्हाईक होते. पण गिऱ्हाईक कोणत्या प्रकारचे, हे आकडे सांगतात. दक्षिणेकडच्या मार्गावर जॉन बटरफील्डच्या कंपनीला १८५८ पासून आठवड्यातून दोनदा टपाल नेण्यासाठी वर्षाला ६,००,००० डॉलर मिळत. त्या मार्गाच्या टपालातून सरकारला एका वर्षात परत मिळालेले उत्पन्न ३०,००० डॉलरच्याही आत होते. पोस्टमास्टर जनरल जोसेफ होल्ट यांना हा तोटा सहन होईना, आणि त्यांनी युटातून जाणाऱ्या मध्य मार्गावरच्या फेऱ्या आणि चॉर्पेनिंगचे पैसे दोन्ही कापले. फेऱ्या कमी झाल्या की ठाण्यांवरचे ताटही कमी भरे, इतका सरळ हा संबंध होता. पोनी एक्स्प्रेस चालवणाऱ्या विल्यम रसेलची कथा तर याहून बोलकी आहे. ‘रसेल, मेजर्स अँड वॉडेल’ ही पेढी मुळात फौजेची मालवाहतूक करून मोठी झाली. १८५८ मध्ये युटाच्या फौजेची रसद पोचवण्यासाठी तिने साडेतीन हजार गाड्या, चाळीस हजार बैल आणि चार हजार माणसे कामाला लावली असा हिशेब सांगतात. १८५७च्या मोहिमेत जळालेल्या मालाची आणि मेलेल्या बैलांची भरपाई काँग्रेसने दिली नाही, तेव्हा युद्धमंत्री फ्लॉइड यांनी पेढीच्या हुंड्यांवर सह्या करून तिला बाजारात कर्ज मिळवून दिले. त्या हुंड्या सोडवण्यासाठी रसेलने मूळ रहिवाशांच्या विश्वस्त निधीतले ८,७०,००० डॉलरचे रोखे वापरले. १८६०च्या डिसेंबरात हे उघडकीस आले, रसेलला अटक झाली आणि फ्लॉइड यांनी राजीनामा दिला. ज्या मंत्र्याचे नाव छावणीला होते, त्याच्याच सहीवर छावणीशेजारच्या रस्त्यावरून धावणारी गाडी उभी होती. अशा पेढीला केवळ खासगी उद्योग म्हणणे म्हणजे हिशेबाची जमेची बाजू न पाहता निकाल देणे होय.

हिंदुस्थानातली व्यवस्था आठवली तर वरवर दिसणारा उद्योग आणि त्यामागचा पैसा यांतला फरक चटकन ध्यानात येतो, आणि ती आठवण करून देणारा माणूस खुद्द याच वाटेने गेलेला आहे. रिचर्ड बर्टन हा पुढे अरबी कथांच्या इंग्रजी भाषांतरासाठी प्रसिद्ध झालेला इंग्रज अधिकारी. त्याने कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत नोकरी केली, मराठीसह इथल्या अनेक भाषा शिकल्या आणि गोव्यावर एक पुस्तकही लिहिले. ७ ऑगस्ट १८६० रोजी तो मिसुरीतल्या सेंट जोसेफहून टपालगाडीने निघाला आणि २५ ऑगस्टला सॉल्ट लेक सिटीला पोचला. तिथला मुक्काम आटोपून सप्टेंबरात तो कॅम्प फ्लॉइडला गेला. हिंदुस्थानात हमरस्त्यांवर सरकार स्वतः डाकबंगले बांधी, खानसामा नेमी आणि भाड्याचे दर भिंतीवर लावी. सरकारी पैसा तिथे उघड दिसे. अमेरिकेत तोच पैसा ठेकेदाराच्या हातून फिरून येई, म्हणून तो दिसत नसे आणि ठाणेदार स्वतःचा मुखत्यार वाटे. बर्टनच्या प्रवासवर्णनात वाटेवरच्या ठाण्यांची घाण, माश्या आणि अन्नाची हेळसांड यांच्या तक्रारी जागोजाग आहेत. एका मार्गावर एकच ठेकेदार असेल आणि उतारूला दुसरे दार ठोठावता येत नसेल, तर अन्न सुधारण्याचे कारण कोणालाच उरत नाही. ट्वेनने तर एका ठाण्यावर फौजेने सैनिकांना खाण्यालायक नाही म्हणून नाकारलेले आणि गाडी कंपनीने स्वस्तात उचललेले डुकराचे मांस वाढल्याचे लिहिले आहे. विनोदी लेखकाची अतिशयोक्ती वजा केली, तरी असला विनोद वाचकाला पटण्याजोगा होता, हे पुरेसे आहे.

या पार्श्वभूमीवर कार्सनच्या घराचे वेगळेपण उठून दिसते. जॉन कार्सन धर्मनिष्ठ मॉर्मन होता. त्याच्या सराईत दारूला मज्जाव होता आणि जोडीने गिरक्या घेत नाचायलाही बंदी होती. मॉर्मन समाजात तसले नाच असभ्य मानले जात. रस्त्याच्या एका बाजूला दारूची दुकाने, जुगार, सैनिकांच्या मारामाऱ्या. दुसऱ्या बाजूला हे शिस्तीचे घर. याला कोणी निव्वळ धर्मश्रद्धा म्हणतील. श्रद्धा होतीच, पण तिने धंद्याचेही भले केले. त्या वाटेने जाणारा उतारू कोण होता ते पाहा: गाडीभाड्याचे दीडशे-पावणेदोनशे डॉलर मोजू शकणारा. त्यांत संघराज्याने नेमलेले अधिकारी, न्यायाधीश, ठेकेदार, वार्ताहर, अधिकाऱ्यांच्या बायका-मुली. खुद्द ट्वेन नेव्हाडा प्रदेशाचा सचिव म्हणून नेमणूक झालेल्या आपल्या भावाबरोबर चालला होता. अशा पाहुण्याला फ्रॉगटाउनमध्ये झोपायचे नव्हते. पण सभ्य मुक्कामाला किंमत आली ती शेजारी असभ्य वस्ती होती म्हणून, आणि ती वस्ती होती पुन्हा फौजेच्या पगारावर.

सराईच्या पाहुण्यांच्या यादीत होरेस ग्रीली, बर्टन आणि ट्वेन ही नावे अभिमानाने सांगितली जातात. इतिहास लिहिताना ती जरा जपून घ्यावीत. ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे संपादक ग्रीली १८५९च्या जुलैत सॉल्ट लेक सिटीत ब्रिगहॅम यंगची मुलाखत घेऊन कॅम्प फ्लॉइडमार्गे पश्चिमेला गेले, त्यांच्या पुस्तकात भर आहे तो छावणीवर आणि तिच्या ठेक्यांत होणाऱ्या सरकारी उधळपट्टीवर. बर्टनचा बराच काळ फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या सहवासात गेला. ट्वेनने नंतर लिहिलेल्या ‘रफिंग इट’मध्ये कॅम्प फ्लॉइडचा उल्लेख सकाळी आठ वाजता लागलेली एक उजाड छावणी एवढाच येतो, सराईचे नाव नाही, मुक्काम तर नाहीच. तिघेही त्या दारावरून गेले हे नक्की, पण तिघांनाही महत्त्वाची वाटली ती छावणी. साक्षीदारांचे लक्ष कुठे खिळले होते हे पाहिले, तर तिथे केंद्र काय होते आणि परिघावर काय होते, ते कळते.

ट्वेनला छावणी उजाड दिसली, कारण तो पोचण्याच्या थोडेच आधी फौज निघून गेली होती. १८६१च्या आरंभी दक्षिणेकडची राज्ये फुटून निघू लागली. फ्लॉइड आणि जॉन्स्टन दोघेही दक्षिणेच्या बाजूला गेले. जॉन्स्टन पुढे १८६२च्या एप्रिलमध्ये शायलोच्या लढाईत मारले गेले. छावणीचे नाव फेब्रुवारीत बदलून फोर्ट क्रिटेंडन करण्यात आले आणि जुलैत ती कायमची उठली. सुमारे ४० लाख डॉलर किमतीचा सरकारी माल लिलावात जेमतेम एक लाखाला गेला आणि ज्यांच्यावर फौज आली होती, त्याच मॉर्मनांनी तो पडत्या भावात उचलला. फ्रॉगटाउन बघता बघता नाहीसे झाले. सतरा दुकानांपैकी एकाचाही धंदा फौजेच्या पगाराविना चालण्याजोगा नव्हता. सराई मात्र उघडी राहिली.

इथे माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा आहे. सराई सरकारी पैशावर जगत होती, तर पैसा गेल्यावर ती बंद पडायला हवी होती. ती पडली नाही, याचा पहिला भाग असा की सगळा सरकारी पैसा गेलाच नव्हता. दक्षिणेकडची राज्ये फुटून निघाल्याने दक्षिणेचा टपालमार्ग धोक्यात आला, म्हणून २ मार्च १८६१च्या कायद्याने काँग्रेसने ते टपाल मध्य मार्गावर वळवले आणि रोजच्या फेरीसाठी वर्षाला दहा लाख डॉलर ठरवले. फौजेने सोडलेली वाट टपालखात्याने धरून ठेवली. ऑक्टोबर १८६१ मध्ये तारयंत्र पूर्ण होऊन पोनी एक्स्प्रेस बंद पडली, तरी गाड्या चालूच राहिल्या. दुसरा भाग १८६९ नंतरचा. १० मे १८६९ रोजी युटातल्याच प्रोमोंटरी इथे पूर्व आणि पश्चिमेचे लोहमार्ग जुळले आणि लांबच्या टपालगाड्यांचे दिवस सरले. तो लोहमार्गही सरकारने दिलेल्या जमिनी आणि रोख्यांवर बांधला गेला होता. ज्या हाताने वाट उभी केली, त्याच हाताने ती दुसरीकडे वळवली. त्यानंतरही सराई चालली, आणि याचे उत्तर सरकारपाशी नाही. आसपासच्या डोंगरांत ओफिर, मर्कुर, टिंटिक इथे चांदी-सोन्याच्या खाणी निघाल्या. खाणकामगार, व्यापारी, गुरे हाकणारे यांची ये-जा सुरू झाली. १८९०च्या दशकात मर्कुरला जाणारा छोटा लोहमार्ग फेअरफिल्डहूनच निघाला. या गिऱ्हाइकांची वाट पाहत थांबण्याची ऐपत कार्सन कुटुंबाला होती, कारण त्यांच्याकडे झऱ्याचे पाणी, शेत आणि गुरे होती. गाडी आली नाही त्या महिन्यातही घरात दाणे असत. केवळ गाडीसाठी बसवलेली वाळवंटातली ठाणी गाडीबरोबरच संपली. आज त्यांतल्या अनेकांच्या जागी दगडांचा ढीग किंवा खुणेचा स्तंभ एवढेच उरले आहे.

सराईचा खर्च कोणी उचलला, या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती ठेक्यांच्या आकड्यांत येत नाही. सिम्प्सनचा मार्ग सरळ होता तो झऱ्याकडून झऱ्याकडे जात होता म्हणून. त्या कोरड्या मुलखात गोशूट लोक पिढ्यान्‌पिढ्या याच झऱ्यांभोवती राहत, शिकार करत आणि बिया-मुळे गोळा करत. प्रत्येक झऱ्यावर ठाणे बसले, घोड्यांनी गवत खाल्ले, शिकार पांगली. उपासमार झाली आणि १८६३ मध्ये ठाण्यांवर आणि गाड्यांवर हल्ले झाले. फौज आली, माणसे मारली गेली आणि १२ ऑक्टोबर १८६३ रोजी टूइल व्हॅलीत तह झाला. त्या तहात गोशूटांच्या मुलखातून जाणाऱ्या टपालगाड्या, तारा, लष्करी ठाणी आणि गाड्यांची ठाणी यांना मुभा असल्याचे कलमच आहे. बदल्यात त्यांना वर्षाला १,००० डॉलर, तेही वीस वर्षे. टपालगाडीचे ठाणे हा दोन पक्षांतल्या तहाचा विषय होतो, एवढ्या एका गोष्टीने ते एकट्या साहसी माणसाचे घर होते ही कल्पना निकालात निघते. एका वर्षाच्या टपालासाठी दहा लाख आणि ज्या पाण्यावर ते टपाल धावले त्याच्यासाठी एक हजार, ही त्या व्यवहाराची खरी किंमतपत्रिका आहे.

एवढे म्हटल्यावर शेवटचा आक्षेप न्यायाने ऐकायला हवा: यात माणसांची हिंमत उरली कुठे? ती उरते, पण तिची जागा बदलते. हिमवादळात चारचाकी गाडी हाकणारा, रात्री-अपरात्री उठून चूल पेटवणारी ठाण्यावरची बाई, सतरा दारूच्या दुकानांच्या शेजारी बिनदारूची सराई चालवणारा घरधनी, यांचे कष्ट कोणत्याही ठेक्यात मोजलेले नाहीत. खजिना वाट उघडू शकतो. पाहुण्याला पुन्हा यावेसे वाटेल असे घर तो चालवू शकत नाही. नेमक्या याच कारणासाठी श्रेयाची वाटणी नीट झाली पाहिजे. सारे श्रेय साहसाला दिले, की ठेकेदाराचे घोटाळे आणि गोशूटांचे झरे नजरेआड होतात. सारे सरकारला दिले, की फ्रॉगटाउन संपले आणि कार्सन उरला, हे कोडे तसेच राहते. सराईचा जन्म सरकारी निर्णयातून झाला आणि तिचे दीर्घायुष्य घरच्या पाण्या-जमिनीतून आले, असा निकाल पुराव्याला धरून आहे.

कार्सन कुटुंबाने १९४७ पर्यंत सराई चालवली, म्हणजे फौज गेल्यानंतरही ८६ वर्षे. पुढे युटा राज्याने ती इमारत दुरुस्त करून घेतली आणि छावणीची उरलेली रसदीची इमारत व सैनिकांची दफनभूमी यांच्यासह ती आता राज्य उद्यानाचा भाग आहे. सरकारी निर्णयातून जन्मलेले घर पुन्हा सरकारच्याच खर्चाने उभे आहे. अशी जुनी सराई, धर्मशाळा किंवा डाकबंगला कुठेही पाहायला मिळाला, तर तिथे कोण थोर पाहुणा उतरला होता हे विचारण्याआधी वाचकाने तीन प्रश्न विचारावेत: रस्ता कोणी काढला, गाडीचे पैसे कोणी भरले, आणि पाणी कोणाचे होते.